वाटसरू थांबला पाहिजे

दृश्यकला विभागात शनिवारला कुणी शनिवार म्हणत नसे, ‘भिंत’ म्हणत. “या भिंतीला काय लावणार?” “मागच्या भिंतीला माझी पार शोभा झाली,” अशी तिथली बोली. पद्धत अशी, की आठवडाभर केलेलं काम भिंतीवर टांगायचं आणि सगळ्या वर्गानं तोंडातून चकार शब्द न काढता त्या भिंतीसमोरून चालत जायचं. ज्याच्या कामापुढे पावलं थांबतील तो जिंकला. ज्याच्या कामावरून सगळे सरळ पुढे गेले, त्यानं मुकाट्यानं आपला कागद उतरवून घ्यायचा. रडायचं असेल तर जिन्यात जाऊन रडायचं.

“वाटसरू थांबला पाहिजे!” हे विभागप्रमुख निमकर सरांचं वाक्य. त्यांना ते त्यांच्या सरांनी सांगितलं होतं आणि त्या सरांना त्यांच्या सरांनी. रस्त्यावरचा माणूस आपल्या घाईत असतो, त्याला थांबवतं ते पोस्टर. आता यात चूक काढायला जागा आहे का सांगा! पिढ्यान् पिढ्या कुणी काढली नाही.

पुढे कागद गेला, ब्रश तर त्याआधीच गेले होते. मग नुसतं तोंडानं सांगितलं की यंत्र चित्र काढून द्यायला लागलं, अक्षरं मांडून द्यायला लागलं. तेव्हा विद्यापीठानं विभागाला विचारलं, “मग आता तुम्ही शिकवता तरी काय?” प्रश्न झोंबणारा होता, पण खोटा नव्हता. विभागाला टाळं लागणार हे जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात बहुमुखी फलक आला आणि विभागाच्या जिवात जीव आला.

या फलकाचं शास्त्र समजायला अवघड नाही. साध्या पडद्यावरचा ठिपका सगळीकडे एकच रंग फेकतो, म्हणून खोलीतल्या सगळ्यांना एकच चित्र दिसतं. या फलकाच्या प्रत्येक ठिपक्यावर अतिशय बारीक भिंगं बसवलेली असतात आणि तो एकाच क्षणी शेकडो दिशांना शेकडो वेगवेगळे रंग पाठवतो. म्हणजे समोर पन्नास माणसं उभी असतील तर पन्नास जणांना पन्नास निरनिराळी चित्रं. वर बसवलेले कॅमेरे प्रत्येकाचे डोळे कुठे वळताहेत, कुठे रेंगाळताहेत ते टिपतात आणि आतला प्रोग्रॅम त्या एका माणसापुरतं चित्र बदलत राहतो, सेकंदाला अनेकदा. वाचता न येणाऱ्याला चित्र मिळतं, परप्रांतीयाला त्याची भाषा मिळते, आणि ज्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्याला निळं-पिवळं मिळतं.

असा फलक कुणी बसून काढू शकत नाही. त्याला वळण लावावं लागतं, लहान मुलाला लावतात तसं. काही आकार द्यायचे, काही मर्यादा घालायच्या आणि मग तो जे जे करून बघेल त्यातल्या कशाला शाबासकी द्यायची, ते ठरवायचं. “शाबासकी ठरवणं म्हणजेच आता ग्राफिक डिझाईन,” असं निमकर सरांनी विद्यापीठाला ठासून सांगितलं. आणि शाबासकी कशाला द्यायची, हे त्यांना कुणाला विचारायची गरजच नव्हती. भिंतीनं ते कधीच शिकवलं होतं. नजर जितकी जास्त वेळ टिकेल तितकी शाबासकी जास्त. या मापाला त्यांनी ‘टिकाव’ असं नाव दिलं. सौंदर्याला आकडा मिळाला म्हणून विद्यापीठ खूश, टाळं टळलं म्हणून विभाग खूश. अभ्यासक्रम नवा झाला, फक्त आत भिंत तीच राहिली.

एकच गोष्ट कुणाला कळायची सोय नव्हती. कुणाला फलकावर नेमकं काय दिसलं, ते साठवून ठेवायला कायद्यानं बंदी होती. माणसाच्या डोळ्यांची ती खाजगी बाब. चित्र दाखवलं की पुसलं जायचं, मागे उरायचा तो टिकावाचा आकडा आणि त्या माणसापुरती फलकाला लागलेली सवय, जी कुणाला उलगडून वाचता येत नसे.

शेवटच्या वर्षाच्या ऋतुजा गांगुर्डेनं पदवीच्या प्रकल्पासाठी असाच एक फलक निवडला, तोही आपल्या आईसाठी. तिची आई अलका ही नाशिकजवळच्या तांबळवाडीच्या वसाहतीत द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये काम करायची. मोठ्या हॉलमध्ये साठ-सत्तर बाया उभ्यानं द्राक्षं निवडायच्या, पेट्या भरायच्या. शेजारीच शीतगृह, आणि ते चालायचं अमोनियावर. अमोनिया सुटला तर पळायचं कुठं, हे वाऱ्यावर ठरतं. हॉलला पूर्वेला एक दार आणि पश्चिमेला एक. भिंतीवर रंगवलेला जुना बाण मात्र कायम पूर्वेकडे बोट दाखवत बसलेला. वारा उलटा असला तर तो बाण बायांना थेट वायूच्या तोंडी देणार! त्यात निम्म्या बायांना वाचता येत नव्हतं आणि हंगामाला आलेल्या बिहारकडच्या बायांना मराठी येत नव्हती.

म्हणून ऋतुजाचा फलक. वाऱ्याची दिशा ओळखून ज्या दारानं जायचं ते दाखवणारा, प्रत्येकीला तिच्या परीनं. त्यावर एप्रन घातलेली एक पळणारी बाई आणि एक बाण. एरवीच्या दिवसांत तीच बाई हात धुताना, टोपी घालताना दिसायची. कल्पना इतकी चोख होती, की प्रत्येक गोष्टीत कुसळ शोधणाऱ्या आहेर मॅडमनीसुद्धा मान डोलावली.

हेमांगी आहेर या ऋतुजाच्या मार्गदर्शक. आयुष्यभर अक्षरं वळणदार काढण्यात गेलेल्या, आणि जीभ मात्र तिखट. दिवाळीनंतर फलक लागला आणि संक्रांतीपर्यंत त्याचा टिकाव विभागाच्या इतिहासात सगळ्यात वर गेला. त्या शनिवारी सगळे ऋतुजाचं अभिनंदन करत असताना मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या,

“टिकाव झकास आहे गं. पण त्या बाया एवढं बघतायत तरी काय?”

“ते कळत नाही ना मॅडम. साठवता येत नाही.”

“मग विचार की! तोंडं आहेत ना त्यांना?”

ऋतुजानं रविवारी घरी गेल्यावर विचारलं. आई अंगणात बसून मेथी निवडत होती.

“फळा ना? लई ग्वाड हाय बाई,” आई म्हणाली. “काम करता करता मान वर जातीच. मुकादम वरडतो, पर काय करावं! ती त्यावरची पोरगी दिसती ना, अगदी तुझ्यावानी दिसती.”

“पोरगी कुठली? बाई आहे ती, एप्रनवाली.”

“असंल बाई. मला तर पोरगी दिसती. तू ल्हान व्हती तव्हाची. पुढचे दोन दात पडलेले, आन् हासती.” आई स्वतःच हसली. “तूच काढली ना? मला ठावंच व्हतं. आईसाठी काढली म्हनलं पोरीनं.”

ऋतुजानं चेहरा काढलाच नव्हता. पळणाऱ्या बाईला नाक, डोळे, तोंड काही दिलं नव्हतं, मुद्दाम नव्हतं दिलं. म्हणजे फलक आपल्या मनानं चेहरे करून बघत होता. ज्या चेहऱ्यापाशी आईची नजर क्षणभर जास्त रेंगाळली तो ठेवायचा, दुसरा टाकायचा. पुन्हा थोडा बदल, पुन्हा ठेव, पुन्हा टाक. ऋतुजा कोण, हे त्या फलकाला ठाऊकही नव्हतं. आईच्या डोळ्यांमागे महिनोन्महिने चाचपडत तो तिच्या लेकीपर्यंत पोचला होता.

सोमवारी तिनं हे निमकर सरांना सांगितलं. सर खुर्चीतून उठलेच. “अगं वेडे, हे तर यशाचं शिखर आहे! प्रत्येकीसाठी तिच्या जिव्हाळ्याचं चित्र! हे आपल्या कुणा बापजाद्याला जमलं होतं का?”

सरांचा आनंद बघून तिलाही बरं वाटलं. खरं सांगायचं तर अभिमानच वाटला. शिवाय परीक्षा तोंडावर होती. मॅडमना सांगितलं तर त्या सगळं उसवून पुन्हा करायला लावणार हे ती ओळखून होती, म्हणून त्यांना काही बोलली नाही. आणि आईला आपला चेहरा दिसतो, यात वाईट ते काय?

परीक्षा पॅकहाऊसमध्येच झाली. द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता, हॉलभर हिरव्या घडांचा वास पसरलेला. हॉलच्या एका टोकाला वरच्या बाजूला देखरेखीची काचेची केबिन होती, तिचा जिना बाहेरच्या बाहेर उतरायचा. तिथं निमकर सर, आहेर मॅडम, विद्यापीठाचे दोन परीक्षक, पॅकहाऊसचे मॅनेजर शिरसाठ आणि हातात टॅब घेऊन ऋतुजा. केबिनमधून बायांचे चेहरे समोर दिसत होते, फलक मात्र कडेनं, नुसता राखाडी पत्र्यासारखा. त्याचं लक्ष केबिनकडे नव्हतंच.

ठरल्याप्रमाणे सरावासाठी अमोनियाचा कॉम्प्रेसर बंद केला आणि भोंगा वाजवला. बायांनी हातातले घड ठेवले, पदर-ओढण्या ओल्या करून तोंडाला लावल्या आणि कुठलं दार ते बघायला फलकासमोर आल्या.

आणि उभ्या राहिल्या.

सत्तर माना वर. कुणी हलेना. ऋतुजाला आई पहिल्याच रांगेत दिसली. ओल्या पदराआडून तिचे डोळे हसत होते.

“बघा, बघा!” निमकर सर परीक्षकांना म्हणाले. “एक नजर हटत नाही!”

शेवटी मुकादमानं जोरजोरात टाळ्या वाजवल्या, दोघी-तिघींना खांद्याला धरून वळवलं, तेव्हा रांग त्या दिवशीच्या वाऱ्याप्रमाणे पश्चिमेच्या दारानं बाहेर पडली. परीक्षकांनी माना डोलावत गुण मांडले.

“या थांबल्या का?” आहेर मॅडमनी विचारलं.

“वाचत होत्या,” निमकर सर म्हणाले.

“एक बाण वाचायला एवढा वेळ? सर, हा काय सिनेमाचा बोर्ड आहे का? आग लागल्यावर माणसानं बोर्डाकडे बघत उभं राहायचं असतं की पळायचं असतं?”

ऋतुजाच्या कानशिलांतून वाफा निघाल्यासारखं झालं. वाटसरू थांबला पाहिजे, वाटसरू थांबला पाहिजे… तीन वर्षं कानीकपाळी ओरडून शिकवलेलं वाक्य, आणि कुणाच्या टाळक्यात आलं नाही, की ज्याला पळून जायचंय त्याला थांबवून कसं चालेल! सरांच्या नाही, परीक्षकांच्या नाही आणि तिच्या तर नाहीच नाही.

“बदलू आपण ते,” निमकर सर घाम पुसत म्हणाले. “किरकोळ दुरुस्ती आहे. पुढच्या आठवड्यात करून घे गं.”

खाली बाया परत येऊन कामाला लागल्या. मुकादम शीतगृहाकडे गेला आणि कॉम्प्रेसर पुन्हा चालू करायचा इशारा झाला. अमोनियाच्या यंत्रणेत हे नाजूक काम असतं. बंद असताना नळ्यांत कुठं कुठं द्रव साचून राहतो आणि घाईनं दाब सोडला की तोच द्रव घणासारखा पुढच्या सांध्यावर आदळतो. इथं पाहुणे ताटकळले होते, निर्यातीचा माल आत होता, तेव्हा घाई झालीच.

धाडकन आवाज झाला. केबिनची काच थरथरली. शीतगृहाच्या दाराच्या वरून पांढरा लोट हॉलमध्ये उतरायला लागला.

भोंगा आपोआप वाजू लागला, या वेळी खरा. मुकादम आणि यंत्रावरचा माणूस शीतगृहाच्या मागच्या दारानं बाहेर पडलेले शिरसाठांना खिडकीतून दिसले. म्हणजे आत टाळ्या वाजवायला कुणी उरलं नव्हतं. बायांनी शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. पदर ओले केले, तोंडाला लावले, फलकासमोर आल्या. आणि उभ्या राहिल्या.

“बाहेर पडा!” ऋतुजा माइकवर किंचाळली. “पश्चिमेला! आई! आई, पळ!” भोंग्यापुढे तिचा आवाज तिलाच ऐकू येईना.

“फलक बंद करा!” एक परीक्षक ओरडला.

“बंद होत नाही तो,” शिरसाठ म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “धोक्याच्या वेळी कुणी चुकून बंद करू नये म्हणून नियमच आहे तसा. बॅटरी आत आहे त्याच्या.”

लोट फलकाच्या दिशेनं सरकत होता. मागच्या रांगेतल्या बाया खोकायला लागल्या, डोळे चोळायला लागल्या, चोळून पुन्हा वर बघायला लागल्या. आई तर मान वाकडी करून, कुणाच्या तरी डोक्याआडून बघायची धडपड करत होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं तिच्या, तरी पापणी लवत नव्हती.

आहेर मॅडमनी आपली ओढणी बाटलीतल्या पाण्यानं भिजवली. “ऋतुजा, शाबासकी कशाला दिलीयस त्याला?”

“नजर टिकली की…”

“उलट कर. नजर हटली की शाबासकी. मी खाली जाते, हाताला धरून जमतील तेवढ्या काढते.” आणि त्या जिना उतरूनही गेल्या.

ऋतुजानं टॅबवर नियमाचं पान उघडलं. करायचं होतं एवढंच. अधिकाच्या जागी उणे.

“थांब!” निमकर सरांनी तिचं मनगट धरलं. “अगं, तो काय दाखवेल याची कुणी चाचणी केलेली नाही. तो नव्यानं सुरुवात करणार नाही. आत्ता ज्याच्या समोर जे चित्र आहे ना, तिथूनच तो उलटा चालायला लागेल. माणसाला बघवणार नाही असं होईपर्यंत!”

आत्ता आईच्या समोर कुठलं चित्र आहे, हे ऋतुजाला नेमकं ठाऊक होतं. पुढचे दोन दात पडलेली, हसणारी पोरगी. तिथून उलटं म्हणजे कुठं? तिच्या डोळ्यांसमोर नको नको ते येऊन गेलं आणि तिनं ते ढकलून दिलं. खाली आहेर मॅडम हॉलमध्ये शिरल्या होत्या. एका बाईचं मनगट त्यांनी धरलं, तिला ओढलं, सहज म्हणून वर बघितलं, आणि त्याही तिथंच उभ्या राहिल्या. पांढऱ्या धुरात, बाईचं मनगट हातात धरून, मान वर.

“सर, सोडा,” ऋतुजा म्हणाली. सरांनी सोडलं नाही, तेव्हा तिनं हात हिसडून घेतला आणि उणे दाबलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग मागच्या रांगेतली एक बाई दोन्ही हात डोळ्यांवर मारून खाली बसली, उठली आणि वाट फुटेल तिकडे धावत सुटली. दुसरीनं किंकाळी फोडली, ती भोंग्याच्याही वर ऐकू आली. मग रांगच्या रांग फुटली. माना खाली, हात डोळ्यांवर. आणि बाण होता तो फलकाच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात, तेवढाच बघवत होता, म्हणून सगळ्यांचे पाय तिकडेच वळले. मॅडमही गेल्या, एकीला ओढत, तोंड फिरवून.

आई राहिली.

तिची नजर हटेना. फलकाला तिच्यापाशी सगळ्यात जास्त कष्ट पडत असणार. आई पुढे झाली, एक हात वर केला, फलकावरचं काहीतरी धरायला करावा तसा. तिचं तोंड उघडलं, बंद झालं. ऋतुजा काचेवर मुठी आपटत होती. “बघू नको गं! आई, नको बघू!” आणि मग आईच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, की ऋतुजालाच काचेतून बघवेना. आईनं चेहरा वळवला, गुडघ्यांतून वाकली आणि रांगत, उठत, धडपडत दाराबाहेर पडली.

त्या दिवशी तांबळवाडीत एकही जीव गेला नाही. काही जणींचे घसे भाजले, चौघींना दवाखान्यात ठेवावं लागलं, त्यात मॅडम आणि आई. पण सगळ्या वाचल्या. लोक म्हणाले, देव पाठीशी होता. पेपरांत ऋतुजाचा फोटो आला. विभागात पेढे वाटले नाहीत, एवढं तरी भान निमकर सरांनी ठेवलं. मात्र तिचा पहिला क्रमांक जाहीर झाला, आणि दोन कंपन्यांनी विद्यापीठाकडे त्या उण्या नियमाची चौकशी केली. गर्दी पांगवायला बरा पडेल म्हणे. विद्यापीठानं निमकर सरांना विचारलं, यावर एखादा विषय सुरू करता येईल का? निमकर सरांनी पहिल्यांदाच विद्यापीठाला नाही म्हटलं. मग विद्यापीठानं ऋतुजाला विचारलं. तिनं तो नियम खोडला आणि प्रकल्पात ती जागा कोरी ठेवून दिली. क्रमांक काढून घ्यायचा तर घ्या म्हणाली. कुणी घेतला नाही.

बाया एकमेकींत सगळं बोलल्या, फक्त काय दिसलं ते बोलल्या नाहीत.

दवाखान्यात ऋतुजा मॅडमना भेटायला गेली. त्यांचा आवाज घोगरा झाला होता, पण तिखटपणा शाबूत होता. “मूर्ख आहोत आपण सगळे,” त्या म्हणाल्या. “नजर कशी धरायची ते शिकवलं, सोडायची कधी ते नाही शिकवलं.”

“मॅडम, तुम्हाला काय दिसलं होतं?”

“आधी? नुसतं ऊन. सकाळचं, खिडकीतून येतं ना, तसं. तो मला फारसा ओळखत नव्हता, तेवढंच सापडलं असेल त्याला. आणि त्यासाठीसुद्धा मी थांबले गं! कशाला आत आलेय तेच विसरले.”

“आणि नंतर?”

मॅडमनी खिडकीकडे पाठ केली. “नंतर त्या उन्हाचं जे व्हायचं ते झालं. नर्सला सांगितलंय, सकाळी पडदा उघडू नको म्हणून.” मग त्यांनी ऋतुजाचा हात हातात घेतला. “तुझ्या आईला विचारू नकोस. काय वाट्टेल ते झालं तरी विचारू नकोस. तिला तर तो केव्हापासून ओळखत होता.”

आई घरी आली. डॉक्टरांनी डोळे तपासले, म्हणाले, उत्तम आहेत. आई पूर्वीसारखी भाकऱ्या थापायची, शेजारणींशी बोलायची, त्यांच्या पोरांना मांडीवर घ्यायची. फक्त ऋतुजा खोलीत आली की तिला चुलीपाशी काहीतरी काम निघायचं. ऋतुजानं ताट पुढे केलं, की आई ताटाकडे बघून “ठेव तिथं” म्हणायची. ऋतुजा समोर बसली, की आईची मान भिंतीकडे वळायची. आधी तिला वाटलं, थकली असेल. मग वाटलं, रागावली असेल. आणि मग काही वाटून घ्यायचं उरलं नाही, कारण तिला कळलं होतं.

एका दुपारी तिला राहवलं नाही. आई ओसरीवर धान्य पाखडत होती. ऋतुजा तिच्या पुढ्यात जाऊन बसली.

“आई, माझ्याकडं बघ.”

“बघतीय की.”

“सुपाकडं बघतीयस. माझ्याकडं बघ गं एकदा.”

आईनं सूप खाली ठेवलं. पदरानं हात पुसले. मोठ्या कष्टानं तिनं मान वर केली. तिची नजर ऋतुजाच्या हनुवटीपर्यंत आली, गालापर्यंत आली, आणि डोळ्यांना डोळे भिडले न भिडले तोच तिच्या सगळ्या अंगाला कापरं भरलं. चेहरा झटक्यानं वळला. तिनं तोंडावर पदर धरला.

“न्हाई व्हत गं बाई,” ती रडत रडत म्हणाली. “तुझा काय बी दोष न्हाई. तू हायस, जित्ती हायस, धडधाकट हायस, समदं कळतं मला. पर हे डोळं ऐकत न्हाईत. तुझं त्वांड दिसलं का ते दिसतं.”

“काय दिसतं?” हे ऋतुजाच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

“मी केलं ते, आई,” ती म्हणाली. “मीच बटण दाबलं. मला माहीत होतं.”

“केलं ते ब्येसच केलं. न्हाईतर मी मेली असती तिथं, तुला बघत बघत.” आईनं नाक पुसलं. मग आई हळूच म्हणाली, “ऋतू, जरा पाठमोरी बसशील का?”

ऋतुजा वळून बसली, अंगणाकडे तोंड करून. मागून आईचा हात तिच्या डोक्यावर आला, तिथून वेणीवर आला आणि पाठीवर येऊन टेकला. हात गरम होता आणि थरथरत नव्हता.

“आता कशी माझी ऋतू वाटतीस,” आई म्हणाली, आणि किती दिवसांनी बोलायला लागली. शेजारच्या सकूच्या लेकीची सोयरीक कशी मोडली, मुकादम आता बायांच्या नजरेला नजर कशी देत नाही, यंदा द्राक्षाला गोडी कशी कमी होती. मधेच एका गोष्टीवर खुदकन हसलीसुद्धा.

ऋतुजाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. तिनं ते पुसलं नाही, कारण हात हलला असता तर आईला कळलं असतं.

“गप का झालीस?” आईनं विचारलं. “बोल ना, ऐकतीय मी.”

“काही नाही गं,” ऋतुजा अंगणाकडे बघत म्हणाली. “मग सकूनं काय केलं पुढं?”